न धावलेले दहा किलोमीटर

मॅरेथॉनची तयारी करतेय असं सांगितलं की घरात, सोसायटीत, ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. "मग तू रोज बेचाळीस किलोमीटर धावतेस?" रोज कसं शक्य आहे, असं म्हटलं की दुसरा प्रश्न येतो, आणि तो पहिल्याहून खोल आहे. माझ्या आत्यानं तो विचारला होता. "रोज नाही, ठीक. पण एकदा तरी सगळं अंतर धावून बघितलं असशील ना?"

उत्तर 'नाही' असं आहे. मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. पहिल्यांदा धावणाऱ्यांसाठी जे आराखडे असतात, त्यांतल्या बहुतेकांत सरावातली सगळ्यात लांब धाव ३० ते ३२ किलोमीटरची असते, आणि तीही शर्यतीच्या साधारण तीन आठवडे आधी. पुढचे दहा किलोमीटर माणूस पहिल्यांदा धावतो ते थेट शर्यतीच्या दिवशी.

आत्याला हे पटेना. तिनं तरुणपणी हौशी नाटकांत कामं केली आहेत. "म्हणजे तिसऱ्या अंकाची तालीम न करताच तुम्ही पडदा वर करता?" असं तिनं विचारलं. आक्षेप रास्त होता, आणि मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. हे प्रकरण म्हणजे तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

१. तालीम की बेगमी?

पूर्ण अंतर सरावात धावत नाहीत, याचं साधं कारण असं की त्याची किंमत फार पडते. सलग चार-साडेचार तास धावल्यावर स्नायूंच्या तंतूंना इतक्या बारीक इजा होतात की ते भरून यायला आठवडे जातात. तेवढ्या आठवड्यांचा सराव बुडतो. ३२ किलोमीटरच्या धावेतून शरीराला जे शिकायचं ते बहुतांशी शिकून होतं. पुढच्या दहांत शिकणं थोडं आणि झीज जास्त.

पण मग ते दहा किलोमीटर येतात कुठून?

कोकणात मे महिन्यात घराघरांत 'आगोट' भरतात. पाऊस सुरू झाला की वाटा बंद होणार, समुद्रात होड्या जाणार नाहीत, ऊन दिसणार नाही. म्हणून त्याआधी तांदूळ, डाळी, मीठ, मसाला, सुके बोंबील, जवळा, आमसुलं, फणसाचे पापड, सुकी लाकडं, सगळं घरात आणायचं. कौलं शाकारून घ्यायची. गोव्यात याच खरेदीला 'पुरुमेंत' म्हणतात. घाटावर पेवं आणि कणग्या भरल्या जात, तीही हीच गोष्ट. आता या सगळ्या खटाटोपात पावसाची तालीम कुणी करतं का? मे महिन्यात अंगणात उभं राहून अंगावर घागरी ओतून घेत नाहीत. पाऊस आल्यावर जे लागेल ते पाऊस यायच्या आत घरात असलं पाहिजे, एवढंच बघतात.

मॅरेथॉनची तयारी या जातीची आहे. ती तालीम कमी आणि बेगमी जास्त. शरीर ते दहा किलोमीटर पाठ करत नाही. त्यांना लागणाऱ्या वस्तू साठवून ठेवतं. कोणत्या वस्तू, कुठे आणि किती दिवसांत, ते आता एकेक करून पाहू.

२. डब्यातलं पीठ आणि पेवातली ज्वारी

आधी इंधनाचा हिशेब करू. ढोबळमानानं, एक किलो वजन एक किलोमीटर धावत नेण्याला एक किलोकॅलरी लागते. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी ६० गुणिले ४२, म्हणजे सुमारे २,५०० किलोकॅलरी हव्यात.

हे इंधन शरीरात दोन रूपांत असतं. एक म्हणजे ग्लायकोजेन. आपण खाल्लेल्या भात-भाकरीतली साखर शरीर या रूपात स्नायूंत आणि यकृतात ठेवतं. स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅम, असे मिळून ५०० ग्रॅम. एका ग्रॅमला ४ किलोकॅलरी धरल्या तर २,००० झाल्या. दुसरं रूप म्हणजे चरबी. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. अंगावरची पाच किलो चरबी धरली तरी ३८,५०० होतात. तेवढ्यावर पंधरा मॅरेथॉन व्हाव्यात.

इतका साठा असताना ३० किलोमीटरनंतर माणसं रस्त्याच्या कडेला का बसतात?

ग्लायकोजेन म्हणजे स्वयंपाकघरातल्या डब्यातलं पीठ. हात घातला की मिळतं, लगेच भाकरी थापता येते. चरबी म्हणजे पेवातली ज्वारी. भरपूर आहे, पण पेव उघडायचं, ज्वारी वर काढायची, निवडायची, दळून आणायची आणि मग भाकरी. पंगत सावकाश जेवत असेल तर पेवावर भागतं. पंगतीला घाई झाली की डब्यातल्या पिठाला हात घालावाच लागतो. धावण्याचंही तसंच आहे. वेग कमी असतो तेव्हा चरबीचा वाटा मोठा असतो. वेग वाढला की शरीर ग्लायकोजेनवर येतं, कारण चरबी जाळायला वेळ जास्त लागतो आणि तेवढ्याच ऊर्जेला प्राणवायूही जास्त लागतो. आणि डब्याचा तळ ३०-३२ किलोमीटरच्या सुमाराला दिसू लागतो. धावणारे याला 'भिंत' म्हणतात. पाय शिशाचे होतात, साधी बेरीज जमत नाही, उगाच रडू येतं. मेंदूलाही साखरच लागते, म्हणून हे सगळं होतं.

यावर मुख्य उपाय: गिरण्या वाढवायच्या. पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाचे सूक्ष्म भाग असतात. प्राणवायू वापरून चरबी आणि साखर जाळायचं काम तिथे चालतं. १९६७ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन होलोझी यांनी उंदरांना काही आठवडे पट्ट्यावर धावायला लावलं आणि त्यांच्या पायांचे स्नायू तपासले. मायटोकॉन्ड्रियांची प्राणवायू वापरण्याची ताकद सुमारे दुप्पट झाली होती. त्याआधी समज असा होता की दमसास म्हणजे मुख्यतः हृदयाचा आणि फुप्फुसांचा मामला. होलोझींनी दाखवलं की स्नायू आतून बदलतो. माणसाच्या स्नायूंतही हेच घडतं, हे पुढे दिसून आलं.

आणि गिरण्या वाढतात त्या मुख्यतः सावकाश, लांब धावण्यानं. नवशिक्याला हे पटवणं सगळ्यात अवघड असतं. त्याला वाटतं, धाप लागली नाही तर व्यायाम कसला? कसोटी सोपी आहे. धावता धावता सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. आठवड्यातलं बहुतेक धावणं असं गप्पांच्या वेगाचं असावं. चांगले धावपटूही आपल्या धावण्यातला मोठा हिस्सा याच मंद वेगानं करतात.

३. एका सायकलवरचे दोन डॉक्टर

आता बेगमीच्या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग. १९६६ साली योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोन स्वीडिश संशोधकांनी व्यायामाची एकच सायकल मधे ठेवली आणि तिच्या दोन बाजूंना दोघे बसले. एकानं डाव्या पायानं पेडल मारलं, दुसऱ्यानं उजव्या. प्रत्येकाचा दुसरा पाय स्वस्थ. पार थकेपर्यंत त्यांनी पेडल मारलं आणि मग सुई टोचून दोन्ही मांड्यांतल्या स्नायूंचे कणभर तुकडे काढून तपासले. प्रयोगातली माणसं ते स्वतःच होते.

दमलेल्या पायातलं ग्लायकोजेन जवळजवळ संपलं होतं. स्वस्थ पायातलं होतं तसंच. मग तीन दिवस दोघांनी पिष्टमय पदार्थांवर भर देऊन खाल्लं आणि पुन्हा सुई टोचली. स्वस्थ पायातला साठा फारसा हलला नव्हता. दमलेल्या पायातला मात्र नुसता भरून आला नव्हता, तर दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट झाला होता.

माणूस एक, रक्त एक, पोट एक, जेवण एक. तरी साठा झाला तो ज्या पायानं काम केलं त्याच पायात. हा प्रयोग वाचल्यापासून मी 'एकूण फिटनेस' हा शब्द जपून वापरते. शरीर सरसकट तयार होत नाही. जिथे रिकामं झालं तिथेच भरतं. आणि एका स्नायूनं साठवलेलं ग्लायकोजेन तो दुसऱ्या स्नायूला थेट उसनं देऊ शकत नाही. दंडात शिल्लक असलेला साठा पोटरीच्या कामाचा नाही. म्हणून पोहण्यानं दम वाढतो हे खरं, पण धावण्याची बेगमी धावणाऱ्या पायांतच करावी लागते.

शर्यतीच्या आधी दोन-तीन दिवस भात, बटाटे, पोहे, साबुदाणा असं जरा जास्त खाण्याचा धावपटूंचा रिवाज याच प्रयोगांतून आला. त्यात आदल्या रात्री पोट तडस लागेपर्यंत जेवणं मात्र येत नाही. डबा दोन दिवसांत थोडा थोडा भरायचा असतो.

४. सगळ्यात हळू शिकणारा भाग

माझ्या पहिल्या तयारीत मी एक चूक केली, आणि ती बहुतेक उत्साही माणसं करतात. आठ आठवडे झाले होते. दम छान लागत होता, म्हणजे लागतच नव्हता. नाडी खाली आली होती. मी आठवड्याचं अंतर एकदम ३० वरून ४५ किलोमीटरवर नेलं. दहाव्या आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागलं. आधी धावताना, मग चालताना, मग रात्री पडल्या पडल्याही. डॉक्टरांनी हाडावर ताण आल्याचं सांगितलं आणि सहा आठवडे धावणं बंद केलं. त्या वर्षीची शर्यत मी पदपथावर उभी राहून बघितली.

कारण असं की शरीराचे भाग एकाच वर्गात शिकत असले तरी एकाच वेगानं शिकत नाहीत.

सगळ्यात आधी रक्त बदलतं. सराव सुरू केल्यापासून पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो. मग हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुरतं. एका ठोक्याला ७० मिलिलिटर जात असेल तर त्यासाठी ७० ठोके लागतात. ठोक्याला १०० मिलिलिटर जाऊ लागलं की ५० ठोक्यांत तेवढंच काम होतं. मुरलेल्या धावपटूंची नाडी संथ असते ती म्हणूनच. स्नायूंतल्या गिरण्या आणि त्यांना रक्त पोचवणाऱ्या केशवाहिन्या काही आठवड्यांत वाढतात.

कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे दोर, यांना रक्तपुरवठा तुटपुंजा. ते घट्ट व्हायला महिने घेतात. हाडाची तर आणखी वेगळी तऱ्हा. नवा भार पडला की हाड आधी स्वतःचा जुना भाग थोडा कुरतडून काढतं आणि मग त्या जागी नवं, मजबूत हाड भरतं. कुरतडणं काही आठवड्यांत होतं, भरायला काही महिने लागतात. मधल्या काळात हाड पहिल्याहून किंचित कच्चं असतं. नेमक्या त्याच काळात दम वाढलेला असतो, हुरूप आलेला असतो, आणि माणूस अंतर वाढवतो.

ज्यांनी घर बांधलं आहे त्यांना हे लगेच कळेल. स्लॅब दुसऱ्या दिवशी वरून टणक दिसतो. त्यावर चालताही येतं. पण मिस्त्री सेंटरिंग काढू देत नाही. रोज पाणी मारायला सांगतो. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजायची असा बांधकामातला दंडक आहे. दम म्हणजे स्लॅबचा वरचा टणक थर. नडगीचं हाड म्हणजे आतलं अजून मुरणारं काँक्रीट.

त्यामुळे वेळापत्रक ठरवायचं ते सगळ्यात हळू शिकणाऱ्याच्या चालीनं. आठवड्याचं अंतर पहिल्या आठवड्यात ३० किलोमीटर असेल तर पुढे ३३, ३६ आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम खाली, २८. मग ३६, ४०, ४४ आणि पुन्हा खाली, ३४. तीन पायऱ्या चढायच्या, एक उतरायची. उतरण्याच्या आठवड्याला आळसाचा आठवडा समजू नका. रिकामं झालेलं भरायला, कुरतडलेलं सांधायला शरीराला तेव्हा सवड मिळते, आणि यातलं पुष्कळ काम झोपेत होतं. रोज पाच तास झोपून सोळा आठवडे धावणारा माणूस ज्वारी पेरतो आणि कापणीला जात नाही.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर जवळजवळ निम्म्यावर आणतात. धावपटू त्याला 'टेपर' म्हणतात. अंतर कमी करायचं, पण थोडं वेगातलं धावणं चालू ठेवायचं. या दिवसांत मन फार खातं: आपण आळसावलो, सगळं विरून गेलं, गुडघा दुखतोय का? विरत काही नाही. त्या दोन आठवड्यांत नवीन कमाई होत नसते, आणि आधीची कमाई वापरायजोगी होत असते. दहावी-बारावीच्या मुलांना आदल्या रात्री नवा धडा उघडू नका असं मी याच अनुभवावरून सांगते.

५. उतार

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचं नाव घेतलं की लोक यवतेश्वरच्या चढाबद्दल विचारतात. कासच्या रस्त्यानं अर्धं अंतर चढायचं आणि त्याच रस्त्यानं उतरून यायचं. चढाची धास्ती सगळ्यांना असते, म्हणून चढाचा सराव सगळे करतात. पाय मोडतो तो उतार. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला आवर घालत असतो, आणि अशा कामात त्याच्या तंतूंना सगळ्यात जास्त इजा होते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं ते यामुळे. पण एकदा थोडासा उतार धावून दुखून घेतलं की पुढचे काही आठवडे तोच उतार त्या स्नायूला तितकी इजा करत नाही. थोडक्यात दुखवून घेतलेलं शरीराच्या लक्षात राहतं.

६. ताज्या डोक्यानं घेतलेले निर्णय

इथपर्यंत शरीराची बेगमी झाली. मनाचीही करावी लागते, आणि माझ्या मते दमणूक माणसाला हरवते ती आधी इथेच.

पुन्हा थोडा हिशेब. समजा तुम्हाला साडेचार तासांत मॅरेथॉन पुरी करायची आहे. २७० मिनिटांना ४२.१९५ नं भागलं की किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद येतात. पहाटेची गार हवा, बाजूला गर्दी, टाळ्या. पाय हलके वाटतात आणि पहिले दहा किलोमीटर तुम्ही ५ मिनिटं ५० सेकंदांच्या वेगानं धावता. किलोमीटरमागे ३४ सेकंद, म्हणजे ५ मिनिटं ४० सेकंद वाचले. पण वेग वाढल्यामुळे डब्यातलं पीठ लवकर उडालं. शेवटचे दहा किलोमीटर चालत-धावत किलोमीटरला ९ मिनिटांनी काढावे लागले तर २६ मिनिटं जातात. पावणेसहाची कमाई, सव्वीसचा तोटा.

मुंबई मॅरेथॉनच्या परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो तो पस्तीस किलोमीटर पायांत मुरल्यावर. एरवी गाडीतून जाताना तो चढ आहे हे जाणवतही नाही. तिथे पोचलेल्या माणसाला 'आता चालू का? आता पाणी घेऊ का? सोडून देऊ का?' असे प्रश्न पडतात आणि उत्तर द्यायला डोक्यात साखर नसते. म्हणून ती उत्तरं महिनाभर आधी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहून ठेवायची. 'पेडर रोड लागला की पावलं लहान करीन आणि पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंतच बघीन.' 'पोटात कळ आली तर एक किलोमीटर चालेन आणि मग परत धावेन.' 'छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबेन.' शेवटचं वाक्य सगळ्यात आधी लिहायचं. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि हृदयाचा, मधुमेहाचा त्रास असलेल्यांनी तर सरावाआधीच डॉक्टरांना भेटावं.

अशा 'जर-तर'च्या वाक्यांचा अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी केला आहे. विद्यार्थ्यांना नाताळच्या सुटीत एक टिपण लिहून पाठवायचं होतं. काहींना ते कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधीच ठरवायला लावलं. त्यांच्यातल्या टिपण वेळेत लिहिणाऱ्यांचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट भरलं. इच्छा दोन्ही गटांत होती. एका गटानं निर्णय आधीच करून ठेवला होता.

'शर्यतीच्या दिवशी नवीन काही नाही' हा धावपटूंचा नियम याच भागातला. नवे बूट नाहीत, नवे मोजे नाहीत, कुणी हातात दिलेलं अनोळखी पेय नाही. तासाला ४० ग्रॅम पिष्ट घ्यायचं ठरवलं तर चार तासांत १६० ग्रॅम, म्हणजे ६४० किलोकॅलरी वाढीव मिळतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. पण धावताना खाणं पोटालाही शिकवावं लागतं, म्हणून खजूर असो, चिक्की असो की जेल, लांब धावांतच सवय करायची. पाण्याचंही तेच. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम धोक्याच्या बाजूला उतरलेलं आढळलं, आणि जास्त पाणी पिणं हे त्याचं मोठं कारण होतं. भीतीनं घटाघटा पिण्यापेक्षा तहान ओळखायला सरावात शिकलेलं बरं.

आणि एवढं करूनही विपरीत घडतंच. २०१५ च्या बर्लिन मॅरेथॉनमध्ये एलिउड किपचोगेच्या दोन्ही बुटांतले आतले तळ सुटून बाहेर आले आणि टाचांशी फडफडत राहिले. त्याला थांबून ते नीट करणं परवडणारं नव्हतं. पाय सोलवटले. तसाच धावत त्यानं २ तास ४ मिनिटांत शर्यत जिंकली. तयारीनं बूट वाचला नाही. बूट गेल्यावरही पुरेल इतकं शिल्लक मात्र होतं.

७. बर्फातले झेंडे

धावण्याबाहेरचं एक उदाहरण घेते, कारण इतकी नेटकी बेगमी दुसरीकडे मला दिसलेली नाही. रोआल्ड अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी चार सोबत्यांसह दक्षिण ध्रुवावर पोचला. त्याची तयारी त्याच्या किती तरी आधी सुरू झाली होती. १९०३ ते १९०५ अशी दोन वर्षं त्याचं जहाज उत्तर कॅनडात मुक्कामाला होतं. तिथे त्यानं नेत्सिलिक लोकांकडून कुत्र्यांच्या घसरगाड्या हाकायला आणि कातड्याचे सैल कपडे वापरायला शिकून घेतलं.

अंटार्क्टिकावर त्यानं आदल्या मोसमात वाटेवर अन्नाचे साठे पुरून ठेवले. प्रश्न असा होता की पांढऱ्या पठारावर, धुक्यात, परतताना साठा चुकला तर? साठ्यावर एक झेंडा पुरेसा नाही. थोडं बाजूनं गेलात तरी दिसणार नाही. म्हणून त्यानं साठ्याच्या डावीकडे आणि उजवीकडे, प्रवासाच्या वाटेला आडवी, कित्येक किलोमीटर लांब झेंड्यांची रांग लावली. दिशा चुकलेला माणूसही त्या रांगेला कुठे तरी भिडणारच, आणि झेंड्यावरच्या खुणेवरून साठा कोणत्या बाजूला आहे ते कळणार.

आपण चुकणार नाही, या भरवशावर त्यानं आखणी केली नव्हती. आपण चुकणार हे धरूनच केली होती. आणि तो चुकलाही. घाई करून ८ सप्टेंबर १९११ लाच निघाला. पारा उणे ५० अंशांच्या खाली गेला, सोबत्यांच्या टाचा हिमदंशानं गेल्या, आणि माघारी यावं लागलं. हाताशी अन्न होतं, दिवस होते, म्हणून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा निघू शकला. स्लॅब मुरायच्या आत सेंटरिंग काढायचा मोह त्यालाही आवरला नव्हता, आणि तरी तो तरला, हे मला फार धीराचं वाटतं.

८. पलंगाखालची फाइल

धावणारी माणसं आयुष्यातही आपोआप शिस्तीची होतात, असं म्हटलं जातं. मला तसं दिसत नाही. सायकलवरच्या त्या दोन डॉक्टरांनी दाखवलंच आहे: ज्या पायानं काम केलं त्याच पायात साठा होतो. पहाटे साडेचारला उठून धावणारी मी, घरातली बिलं शेवटच्या तारखेला भरत होते. धावण्यातून इतर गोष्टींत नेता येते ती नुसती पद्धत. तीही मुद्दाम उचलून न्यावी लागते.

माझी आई आयुष्यात कधी धावली नाही. तिचं माहेर रत्नागिरीकडचं. लग्न होऊन पुण्यात आल्यावर आगोट भरायचं कारणच उरलं नाही. वाण्याचं दुकान खाली रस्त्यावर. पण मे महिना आला की ती एक जुनी कागदी फाइल पलंगाखालून काढायची आणि खाली पसरून बसायची. तिचा आणि बाबांचा रक्तगट, कोणत्या औषधानं कुणाला पुरळ उठतं, चालू गोळ्यांची नावं आणि वेळा, जुन्या तपासण्या, विम्याचं कार्ड, बँकेत कुणाकुणाचं नाव लावलंय तो कागद, आणि एका लिफाफ्यात थोडे पैसे. पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, कुणाला कोणत्या क्रमानं फोन करायचा ती यादी. आम्ही भावंडं म्हणायचो, आई, हे सगळं मोबाइलमध्ये ठेव. ती म्हणायची, मोबाइल बंद पडला की?

चार वर्षांपूर्वी, जुलैत, रात्री दोनच्या सुमाराला बाबा न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. मी पोचले तेव्हा रुग्णवाहिका खाली उभी होती आणि बाबांना चादरीत नीट धरून उतरवत होते. मला काही सुचत नव्हतं. हात थरथरत होते. रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? मी आईकडे बघितलं. आईलाही त्या क्षणी आठवलं नाही. तिनं डोळे मिटले, मान हलवली, आणि पिशवीतून फाइल काढून तिसरं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. गोळीचं नाव, मात्रा आणि कधीपासून चालू आहे ती तारीख, सगळं तिच्याच अक्षरात.

शस्त्रक्रिया दोन दिवसांनी झाली. त्या रात्री मात्र उजाडेपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसून होतो. पाऊस लागला होता. मला वाटलं, आईचा डोळा लागलाय. बघते तर तिनं फाइल मांडीवर घेतली होती, चष्मा नाकावर ओढला होता, आणि कोऱ्या कागदावर वर तारीख घालून बाबांच्या नव्या औषधांची नावं एकाखाली एक लिहून काढत होती.